१०९ वर अडकलेला स्मोकर

माझं दुकान नागपूरच्या महाल भागात आहे. ओव्हन, गिझर, हॉटेलातले फ्रायर आणि ग्रिल, म्हणजे तापणारं जे जे असतं ते माझ्याकडे येतं, आणि बहुतेक वेळा तापत नाही म्हणूनच येतं. हे प्रकरण एका इलेक्ट्रिक स्मोकरचं आहे. मालकीणबाईंना विचारून लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

पार्श्वभूमी

ताई दक्षिण नागपुरात राहतात आणि घरूनच ऑर्डर घेतात. सावजी पद्धतीचा काळा मसाला चोळून धुरावर शिजवलेली कोंबडी हा त्यांचा हुकमी पदार्थ. शनिवार-रविवारी ८-१० किलो जाते. यंत्र त्यांच्या दिराचं. तो अमेरिकेतून कायमचा परत आला तेव्हा सामानात हे कपाट आलं. कंबरेएवढी उंच पेटी, आत चार जाळ्या, तळाशी हीटर (आम्ही त्यालाच एलिमेंट म्हणतो), त्यावर लाकडाच्या चिप्सचा ट्रे, डोक्यावर डिजिटल कंट्रोलर. शेजारची पोरं तिला ‘धुराची आलमारी’ म्हणतात.

हीटर ८०० वॅटचा, पण १२० व्होल्टवर. आपल्याकडे २३०, म्हणून मध्ये एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. पेटी गच्चीवर टिनाच्या शेडखाली ठेवलेली. पारा २२५ फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १०७ सेल्सिअसवर लावायचा, चिप्स धुमसतात, आणि तीन-चार तासांत कोंबडीच्या आतलं तापमान ७४ सेल्सिअसला पोचलं की काम झालं.

चिप्स संत्र्याच्या लाकडाच्या. ताईंचं माहेर काटोलकडचं. तिथल्या बागेत सल काढला की वाळलेल्या फांद्या पोत्यात भरून येतात. खोडाचं लाकूड त्या घेत नाहीत, कारण खोडाला बोर्डो पेस्ट लावलेली असते आणि मोरचूद-चुन्याचा तो लेप अन्नाच्या धुरात नको. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, बागायतदाराच्या घरची समज. चिप्स तासभर पाण्यात भिजवायची सवय मात्र त्यांनी कुठल्याशा व्हिडिओवरून उचलली होती. तिच्याकडे पुढे यावं लागेल.

बिघाड

मे महिन्याचा तिसरा शनिवार. सकाळी दहाला ९ किलो कोंबडी आत गेली. दुपारी दीडला फोन.

“भाऊ, चालू तर होऊन राहिला, पण पुढे सरकूनच नाही राहिला. १०९ वर बसून आहे.”

लाइट लागतो, हीटिंगची खूण दिसते, लक्ष्य २२५, प्रत्यक्ष १०९. व्होल्टेज कमी आहे म्हणून हळू तापत असेल, असं ताईंना वाटलं आणि त्या थांबल्या. साडेतीन तास.

मी म्हटलं, “ताई, दार उघडून जाळीजवळ हात न्या. आता तोच हात बाहेर, टिनाखाली धरा.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, “सारखंच आहे भाऊ.”

१०९ फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ ४३ सेल्सिअस. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी टिनाखाली तेवढं असतंच. पेटी एक अंशही तापली नव्हती. आकडा मोठा दिसत होता म्हणून ती अर्धवट तापल्यासारखी वाटत होती, एवढंच. हाच बिघाड डिसेंबरात झाला असता तर पडद्यावर बराच लहान आकडा दिसला असता आणि दहा मिनिटांत लक्षात आलं असतं.

पहिला निर्णय: कोंबडीचं काय?

यंत्राच्या आधी हे. साहेब, म्हणजे ताईंचे यजमान, म्हणाले की झणझणीत रस्सा करून टाकू, उकळीत सगळं मरते. मी दुरुस्तीवाला, अन्नाबद्दल बोलायचा अधिकार माझा नाही. पण ताईंनी एफएसएसएआयचं प्रशिक्षण घेतलेलं आहे, आणि त्या ठाम राहिल्या. ५ ते ६० सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. मांस त्या पट्ट्याच्या ऐन मधोमध, ४० च्या आसपास, साडेतीन तास पडलेलं. उकळल्याने जंतू मरतात हे खरं, पण काही जंतूंनी तोवर सोडलेलं विष उकळीने जात नाही. ९ किलो कोंबडी जमिनीत पुरून टाकली आणि चार गिऱ्हाइकांना फोन करून पैसे परत केले. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महागडा आणि सगळ्यात बिनचूक निर्णय हाच होता, आणि त्यात माझा काही वाटा नाही.

समोरचे पर्याय

मी चारला पोचलो. ताईंचं मत तयार होतं: “एलिमेंट गेलं आहे. मागवलंसुद्धा आहे.”

पंधरा दिवसांपूर्वीही पेटी अशीच बंद पडली होती. ओळखीच्या मिस्त्रीने मीटर लावून एलिमेंट गेल्याचं सांगितलं. मग मागे हात घालून थोडं हलवलं, आणि ती चालू झाली. तो म्हणाला, “कटआउट डायरेक्ट केला, म्हणून चालली. पण एलिमेंट शेवटच्या घटका मोजते आहे, मागवून ठेवा.” दिराच्या मित्राकडून मागवलेलं एलिमेंट येईपर्यंत जुलै उजाडणार होता.

हलवल्यावर चालू झालं, हे ऐकून माझा संशय तिथेच एलिमेंटवरून उडाला. एलिमेंट जळतं तेव्हा आतली तार तुटते, आणि पेटी हलवून ती जुळत नाही. हलवून जुळतो तो जोड. तरी मी त्यावर भिस्त ठेवली नाही, कारण शक्यता आणखीही होत्या. ट्रान्सफॉर्मर, कंट्रोलरच्या बोर्डावरचा रिले (हीटर चालू-बंद करणारा स्विच), तापमानाचा सेन्सर, जास्त तापल्यावर तोडणारा कटआउट, वायर, आणि शेवटी एलिमेंट. कोणती शक्यता जास्त याचा हिशेब मी मांडत बसत नाही. न उघडता जे कळतं ते आधी, चार स्क्रू काढून कळतं ते नंतर, आणि रिबिट ड्रिल करून कळतं ते सगळ्यात शेवटी.

तपास

भिंतीतल्या सॉकेटवर २०८ व्होल्ट. मे महिन्याची दुपार, घराघरात कुलर, म्हणजे नवल नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर ९९. म्हणजे पुरवठा आहे, कमी असला तरी. पेटी २२५ वर लावून वायरीला टाँग टेस्टर, म्हणजे वायर न कापता करंट मोजणारा चिमटा, लावला: शून्य अँपिअर. इथे ‘हळू तापते’ आणि ‘तापतच नाही’ या दोन तक्रारी कायमच्या वेगळ्या झाल्या. दोष नुसत्या कमी व्होल्टेजचा असता तर करंट कमी दिसला असता, शून्य नाही.

सेन्सरचा निकाल फुकटात लागला. माझा थर्मामीटर ४३ दाखवत होता, पेटी १०९ फॅरनहाइट. जुळलं.

मग वरचा कंट्रोलर चार स्क्रूंवरून उचलला. हीटरकडे जाणाऱ्या दोन वायरींवर मीटर धरला: ९९ व्होल्ट. म्हणजे बोर्ड हुकूम देतो आहे, रिले बंद होतो आहे, वीज हीटरच्या दिशेने निघते आहे आणि वाटेत कुठेतरी थांबते आहे. महाग असलेला बोर्ड इथेच सुटला.

प्लग काढून पेटी फिरवली. मागच्या खालच्या पत्र्याला सहा रिबिटांची भोकं, आणि त्यात फक्त दोन स्क्रू. कोणीतरी येऊन गेल्याची सही. आत कटआउटच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या, टेप वितळून पाघळलेली. कटआउट बिचारा बाजूला लोंबत होता.

एलिमेंटच्या दोन वायरींच्या टोकांवर मीटर: ओपन, म्हणजे वाट तुटलेली. मिस्त्रीने बहुधा इथेच मोजलं आणि एलिमेंटला मेलेलं ठरवलं. मी प्रोब दोन इंच पुढे नेऊन थेट एलिमेंटच्या पात्यांवर टेकवले: १८.२ ओहम. १२० चा वर्ग भागिले ८०० म्हणजे १८. एलिमेंट ठणठणीत.

मग दोष त्या दोन इंचांतच. डाव्या पात्यावरची थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची खोच, नखाने ओढली तर हातात आली. तिच्या प्लास्टिकच्या टोपीचा कोळसा झालेला, पातं निळसर काळं, आणि थिंबलमधून निघणारी तार इंचभर काळी पडून अशी ठिसूळ झालेली की वाकवली की वाळल्या शेवयांसारखी तुटत होती. पत्र्याच्या आतल्या बाजूने तपकिरी चिकट ओघळ थेट तिथवर आलेले. चरबी, धुराचं डांबर आणि पाणी.

कारण उलगडायला अवघड नव्हतं. भिजवलेल्या चिप्समधून पाणी निथळायचं, वाफ धरायची, धुरातलं आम्ल घेऊन मागच्या भिंतीवरून उतरायची आणि थिंबलवर गंज चढवायची. गंजलेला जोड विरोध करतो. अर्धा ओहम जरी धरला तरी ६ अँपिअरला १८ वॅट होतात, तेही नखाएवढ्या जागेत. लहानशी सोल्डरिंग इस्त्री त्या जोडात कायम खोचून ठेवल्यासारखं.

केलेली दुरुस्ती, आणि मी केलेली तडजोड

रविवारी ६ किलोची ऑर्डर होती. योग्य सामान म्हणजे निकेल चढवलेली लोखंडी थिंबल आणि फायबरग्लासची वायर. ती त्या संध्याकाळी माझ्याकडे नव्हती. साधी पीव्हीसी वायर तिथे चालत नाही, तिची मजल ७० अंशांची. डाग देऊन जोडणं तर नकोच, आपलं नेहमीचं शिसं-कथील १९० च्या आत पाणी होतं. पितळी थिंबल मात्र पिशवीत होती. थांबायचं की पितळीवर निभवायचं?

निभवायचं ठरवलं. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, पॉलिश पेपरने पातं घासलं, दाबून क्रिंप केलं, फायबर स्लीव्ह चढवली. ताईंना सांगितलं की हे उद्यापुरतं आहे.

कटआउटबाबत तडजोड केली नाही. “तो नसला तरी चालते ना भाऊ?” असं ताईंनी विचारलं. चालते, जोवर रिले सोडतो आहे तोवर. रिलेचे पॉइंट चिकटले की हीटर थांबत नाही, आणि खालच्या ट्रेमध्ये चरबी साचलेली असते. कटआउट तपासला, थंड असताना जोडलेला दाखवत होता, आणि तो मूळ जागी परत बसवला. बिघाड त्याचा कधी नव्हताच.

आणखी एक गोष्ट न मागता केली. ट्रान्सफॉर्मरचं बाहेरचं सॉकेट दोन पिनांचं, अमेरिकन चपट्या पिनांचं. म्हणजे पेटीच्या पत्र्याला अर्थिंगच नाही. वर ट्रान्सफॉर्मर ऑटो प्रकारचा निघाला, म्हणजे आत-बाहेरची एक तार सामाईक. अशा वेळी भिंतीतल्या सॉकेटवर फेज आणि न्यूट्रल उलटे असले तर ११० ची म्हणवणारी बाजू जमिनीच्या हिशेबाने २३० वर जाऊन बसते. ते सरळ आहेत याची खात्री केली आणि सॉकेटच्या अर्थपासून पेटीच्या पत्र्याला वेगळी हिरवी वायर टाकली.

चालू केल्यावर टाँग टेस्टरवर साडेपाच अँपिअर. ९९ व्होल्टवर ते साधारण ५४५ वॅट होतात, ८०० नव्हेत. दीर नेहमी म्हणायचा की तिकडे हे लवकर तापायचं, त्याचं उत्तर हे. ताईंनी स्टॅबिलायझरबद्दल विचारलं. मी म्हटलं पहाटे सहाला लावा, तेव्हा कुलर थंडावलेले असतात. त्यांनी वेळ बदलली, स्टॅबिलायझर घेतला नाही.

‘उद्यापुरतं’ जे होतं ते अर्थातच चार आठवडे चाललं. यंत्र चालतं तोवर कोणी मिस्त्रीला फोन करत नाही. जूनमध्ये योग्य सामान आल्यावर मीच गेलो. पितळी थिंबल जांभळट पडून सैल झालेली होती. आणखी महिनाभर टिकली नसती. थिंबल आणि वायर दोन्ही बदलल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी

श्रावणात ऑर्डरी बंद. पेटी महिनाभर गच्चीवर झाकून ठेवलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर, आणि विदर्भात करीला मटण-कोंबडी लागतेच. ताईंकडे १४ किलोची मागणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चाचणीला पेटी लावली आणि घरातला ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती दिसली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला. उचलला, पुन्हा पडला.

फोनवरचा सूर वेगळा होता. “इतकी वर्षं कधी ट्रिप नाही झाला. तुम्ही ती हिरवी वायर टाकली तेव्हापासून.”

एका अर्थी बरोबर होतं. मी विचारलं, “मागच्या पावसाळ्यात पेटीला हात लागला की झिणझिण व्हायचं का?” थोडा वेळ गेला. “व्हायचं. म्हणून तर मी स्लिपर घालून दार उघडत होती.”

म्हणजे गळती जुनीच. अर्थिंग नव्हतं तोवर ती ताईंच्या हातातून वाट शोधत होती. आता तिला वायरीची वाट मिळाली, आणि ईएलसीबीला ती दिसू लागली.

एकेक भाग सोडवून पाहिलं. एकटा ट्रान्सफॉर्मर: पडत नाही. हीटर सोडवून बोर्ड: पडत नाही. हीटर जोडला: पडला. एलिमेंट सुटं करून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावला, काटा शून्यावर, म्हणजे इन्सुलेशन गेलेलं. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती कोरडी असताना उत्तम इन्सुलेशन, पण नळीच्या टोकांतून हवेतला ओलावा ओढून घेते. वापरात असलेलं एलिमेंट रोज स्वतःला वाळवतं. महिनाभर श्रावणसरीत बसलेलं नाही.

इथे तीन वाटा होत्या. पहिली, हिरवी वायर काढून टाकणे. साहेबांनी ती सुचवली, मी नाही म्हटलं. दुसरी, मागवलेलं नवं एलिमेंट बसवणे. ते जुलैत आलं होतं. खोका उघडला तर पट्टीची भोकं सेंटिमीटरभर बाजूला. फोटोवरून मागवलेलं, मॉडेलचा नंबर न देता. पट्टीला नवी भोकं पाडता आली असती, पण मग पाती पत्र्याच्या फार जवळ येत होती. तिसरी, जुनंच वाळवणे.

रात्री एलिमेंट दुकानात आणलं, थिंबल उतरवल्या आणि मोठ्या ओटीजीत १४० अंशांवर ठेवलं. दोन तासांनी बाहेर काढून, निवू देऊन मोजलं: अर्धा मेगोहम. पुन्हा आत. साडेअकराला ५० च्या वर. सकाळी पुन्हा मोजलं, तितकंच. पोळ्याच्या दिवशी दुपारी बसवून दिलं. दुसऱ्या दिवसावर टाकता आलं नसतं, कारण मारबतीची मिरवणूक निघाली की महाल-इतवारीतून स्कूटरसुद्धा काढता येत नाही.

परिणाम

करीच्या दिवशी पहाटे पाचला पेटी लागली, ईएलसीबी जागेवर राहिला, १४ किलो वेळेत गेली. ताई आता चिप्स कोरड्याच टाकतात. पाणी उडून जाईपर्यंत लाकूड १०० अंशांपुढे जातच नाही, आणि तोवर जो पांढरा धूर दिसतो ती नुसती वाफ असते, हे त्यांना करून दाखवलं तेव्हा पटलं. ऑर्डर नसली तरी शनिवारी अर्धा तास रिकामी पेटी चालवतात. पेटी लावल्यावर पंधरा मिनिटांनी आकडा किती चढला ते पाहतात आणि मगच कोंबडी आत ठेवतात.

आता पुन्हा करायचं झालं तर

मेमध्ये मी मेगर लावला नाही. सगळं कोरडंठाक होतं, आकडा चांगलाच आला असता, पण तो लिहून ठेवला असता तर श्रावणानंतर तुलनेला काही हाताशी असतं. अर्थिंग दिलं तेव्हाच सांगायला हवं होतं की पावसाळ्यात हा ट्रिप होईल आणि झाला तर तो बिघाड दाखवतो आहे, करत नाही. ते न सांगितल्यामुळे माझ्याच कामावर संशय आला, आणि साहेब वायर काढायच्या बेतात होते. मी पोचायला तासभर उशीर केला असता तर बहुधा काढलीच असती.

पितळी थिंबलबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. रविवारची ऑर्डर वाचली हे खरं, आणि चार आठवडे मी एक जळता जोड त्यांच्या गच्चीवर ठेवून आलो हेही खरं. आता मी दोन्ही मापांच्या निकेलच्या थिंबल डबीत ठेवतो, म्हणजे तो प्रश्नच येत नाही. त्या पहिल्या मिस्त्रीला मी फार दोष देत नाही. वायरीच्या टोकावर मोजण्याची चूक मीही केलेली आहे. पण डायरेक्ट केलेला कटआउट तसाच सोडून त्याने जायला नको होतं.

नवं एलिमेंट ताईंच्या आलमारीवर खोक्यातच आहे. मी गेलो की त्या विचारतात, “भाऊ, हे कोणाले लागते काय?” अजून तरी कोणाला लागलेलं नाही.